सिस्टरबाईंचं कोमट पाणी

"सगळ्यांचे पाय बघत्यात, पन ह्यांचे कोन बघतंय?" पायरीवर बसलेली हौसाबाई शेजारणीला हळूच म्हणाली आणि दोघींनी सिस्टरबाईंच्या मोज्यांकडे पाहिलं. राहाता गावात मे महिन्याच्या उन्हात जाड मोजे घालणाऱ्या त्या एकट्याच. मी त्यांच्या मागेच दारात उभी होते. मी ऐकलं आणि आत वळले.

सिस्टरबाई मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. नगरहून बँकेच्या नोकरीसाठी आलेली मी त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत राहत होते. रविवारी चर्चमधून आल्या की त्या ओट्यावर घमेलं मांडत. मग पेरूच्या बागांत, गोठ्यांत, ओल्या चाऱ्यात राबणाऱ्या बायका आपापली नखं घेऊन येत. कुणाचं मांसात रुतलेलं, कुणाचं खतानं पिवळं पडलेलं. पाण्यात मीठ टाकून सिस्टरबाई आधी स्वतःचं कोपर बुडवत. "बोटांना चटक्याची सवय असती. कोपराला इचारावं," म्हणत. पाणी कोमट झाल्याशिवाय कुणाचा पाय आत जात नसे. मग नख सरळ कापायचं, कोपरे कोरायचे नाहीत, जुन्या मऊ लुगड्याच्या पट्टीनं बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या आणि शेवटी कडुनिंबाचा पाला उकळलेलं खोबरेल लावायचं.

एकदा एकीनं अंगठ्याच्या कोपऱ्यात चुना आणि हळद ठासून आणली.

"चुना भिताडाला लावत्यात गं," सिस्टरबाई म्हणाल्या.

"आमच्या सासूबाई लावत्यात."

"मग त्यांचं बोट आन की हिकडं. तुझं कशाला आनलंस?"

ओटा हसला. पण ते बोट पिकलेलं होतं, आणि पिकलेल्या बोटाला त्या हात लावत नसत. "दवाखान्यात जा. आजच. माझं काम पिकायच्या आधीचं," असं सांगून त्यांनी तिला उठवलंच.

माझी नखं त्यांना दिसली ती पेरूंची ताटली घेताना. मी लहानपणापासून नखं खाते. माणसांसमोर हात ओढणीत, नाहीतर टेबलाखाली. त्यांनी मला खाली बसवलं आणि विचारलं, "कशाचं भ्या वाटतं?"

"कशाचंच नाही," मी म्हणाले.

"बरं," म्हणून त्यांनी तेलाची वाटी जवळ ओढली. पुन्हा कधीही विचारलं नाही. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी एकेक बोट धरून नखाच्या मुळाशी तेल जिरवत. मला घाई झालेली दिसली की म्हणत, "आज लावल्यालं त्याल नखाला दिवाळीला कळंल. नखाला घाई नसती, पोरी."

त्या गावात मला हात लावणारं दुसरं कुणी नव्हतं. बँकेत लोक माझ्याशी काचेपलीकडून बोलत. घरी फोन केला तर आई जेवणाचं विचारी, मी जेवले म्हणे आणि बोलणं संपे. त्या दहा बोटांच्या वेळेची मी दिवसभर वाट पाहत असे. हे मी त्यांना सांगितलं नाही.

जूनमध्ये एका शनिवारी मी दुपारीच घरी आले. सिस्टरबाई मागच्या अंगणात मोजे काढून, पाय घमेल्यात सोडून बसल्या होत्या. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं, कड सुजलेली. मला पाहून दचकल्या. "ठेच लागली जरा. पोराला कळलं तर पुन्याला न्हील मला, ह्या घराला कुलूप घालील," म्हणाल्या आणि पाय पुसू लागल्या. पाणी ओतायला मी घमेलं उचलायला गेले. बोटं पाण्याला लागली आणि मी हात झटकन मागे घेतला. इतक्या कढत पाण्यात त्या शांतपणे बसल्या होत्या. त्यांना कितीतरी वर्षांचा मधुमेह. पायाला चटकाच कळत नव्हता. स्वतःसाठी त्यांनी कोपर बुडवलं नव्हतं.

बोलायला हवं होतं. वाक्य माझ्या मनात तयार झालंही, आधी इंग्रजीत, मग मराठीत. तोवर त्या मोजे चढवून आत गेल्या होत्या. नंतरच्या प्रत्येक संध्याकाळी ते वाक्य माझ्याजवळ होतं आणि माझी बोटं त्यांच्या हातात.

तीन आठवड्यांनी त्या तापानं फणफणल्या. हौसाबाईनं गाडी बोलावली. नगरच्या दवाखान्यात त्यांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

मी भेटायला गेले त्या दिवशी त्यांना सोडणार होते. मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला होता, घराची किल्ली त्याच्या खिशात होती. पिशवी भरता भरता तो म्हणाला, "आई, इतके दिवस कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?"

"कुनाच्या येनार? मी कळूच दिलं न्हाई," सिस्टरबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "ही बिचारी दिवसभर कामावर. हिला काय ठावं?"

मुलानं मान हलवली आणि पिशवीची चेन ओढली. त्याला ते पटलं होतं. मीही मान हलवली असती तर तेवढ्यावर सगळं मिटलं असतं.

"सिस्टर, मला माहीत होतं," मी म्हणाले. "पाणी कढत होतं, आणि तुम्हाला ते कळत नव्हतं. तुम्ही पुण्याला जाल म्हणून मी कुणाला सांगितलं नाही."