आईंना आठवलं तेव्हा

दिवेलागणीला आमच्या सासूबाई दाराची कडी काढून ठेवायच्या आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारायच्या, "विलास इलो काय गो?"

मी म्हणायचे, "येतील."

विलास म्हणजे त्यांचा मुलगा, माझे यजमान. कामावर असतानाच छातीत कळ येऊन ते गेले, त्याला तेव्हा वर्ष उलटलं होतं. वर्षश्राद्धाला आई सगळा वेळ समोर बसल्या होत्या. संध्याकाळी पुन्हा कडी काढली. मी भाजी परतत "येतील" म्हटलं. रडू यायचं नाही. काहीच यायचं नाही.

आई मूळच्या मालवणकडच्या, लग्न होऊन लालबागच्या चाळीत आलेल्या. गिरणी बंद पडून सासरे घरी बसले तेव्हा दादरच्या शिंप्यांकडून ब्लाउज आणून, हुक-काजं करून त्यांनी घर चालवलं. "गाठ मारल्याबिगर धागो तोडू नको," हे त्यांचं पालुपद. ते भांडणालाही लागू. शेजारणीशी वाजलं की झोपण्याआधी तिच्या दारात वाटीभर सोलकढी नेऊन द्यायच्या आणि "गाठ मारून इलंय" म्हणत निवांत पडायच्या.

अशी बाई गॅसवर रिकामं पातेलं ठेवायला लागली. परळच्या डॉक्टरीणबाईंनी स्कॅन दाखवला. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या जागोजागी बंद झाल्या होत्या. लहानलहान झटके कुणालाही न कळता येऊन गेले होते. त्यांच्याकडे एक नवा उपचार तपासून पाहत होते. डोक्याला बाहेरूनच चुंबकाचं यंत्र लावायचं. कापाकापी नाही, भूल नाही.

"खात्री देत नाही," त्या म्हणाल्या. "लक्ष, आठवण थोडी सुधारेल कदाचित. किती टिकेल तेही सांगता येत नाही."

आठवण सुधारली तर काय आठवेल, हे मला कळत होतं. तरी सही केली.

पहिल्या दिवशी मेंदू कितपत प्रतिसाद देतो ते पाहिलं. त्या यंत्राची कॉइल डोक्याला टेकवली, टक् असा आवाज झाला आणि आईंचा अंगठा आपोआप उडाला.

"अगो, माझो अंगठो कोण हलवता?"

"मीच, आजी," डॉक्टर म्हणाल्या.

"मगे काजां पण तूच कर!"

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

मग रोज परळला जाऊन ती टकटक ऐकत बसायचं. काही आठवड्यांनी चहात साखर नाही हे त्यांना कळलं. टीव्हीवरच्या बाईचं ब्लाउज खांद्यात चुकलंय म्हणाल्या. आणि एका संध्याकाळी कडी काढलीच नाही.

मी उत्तर तयार ठेवून उभी होते. प्रश्न आला नाही. वळून पाहिलं तर आई फोटोच्या हाराकडे बघत होत्या.

"माका आठावला," त्या म्हणाल्या. "तेचे पाय थंड होते." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू रोज येतील म्हणायचंस. तुका बरा वाटायचा?"

"काहीच वाटायचं नाही, आई."

मग त्या रडल्या. शेजारचे धावत आले इतक्या मोठ्याने. मी गॅस बंद केला आणि पाणी आणून दिलं.

पुढच्या तपासणीत डॉक्टर खूश होत्या. "खूपच फरक आहे," म्हणाल्या. मी "हो" म्हटलं.

उपचार संपले. विलासचे शर्ट आईंनी स्वतः घड्या घालून गावच्या पुतण्याला पाठवले. काही महिने त्यांना सगळं ठाऊक होतं. मग हळूहळू पुन्हा निसटायला लागलं. पुढे मोठा झटका येऊन त्या गेल्या. त्याच्या थोडंच आधीची गोष्ट. आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो.

"आपल्यातलो कोण तरी नाय गो," त्या म्हणाल्या. "कोण?"

या वेळी मी खोटं बोलले नाही. "विलास. ते गेले, आई."

"तुझो घोव?"

"हो."

त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली. "अरे माझ्या देवा. आणि तेची आवस? आई आसा तेची?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. "आहे."

"मगे तिका सांगू नको," त्या कुजबुजल्या. "म्हातारेक सोसाचा नाय."

आणि माझं डोकं ओढून त्यांनी आपल्या मांडीवर घेतलं. मी बराच वेळ तशीच पडून राहिले.