वळून राहिलो होतो

दोस्तहो, ड्युटीवरून येऊन तासभर झाला, अजून पायातले बूट काढले नाहीत.

मागच्या महिन्यात लोधीखेड्याच्या फाट्यावर मी इंडिकेटर देऊन हळूहळू वळण घेत होतो, तर मागून एक कार येऊन धडकली. माझ्या गाडीवर मागं बसलेल्या आईचा हात मोडला. मग त्या कारवाल्याच्या विमा कंपनीतून पुण्याच्या एका मॅडमचा फोन आला. फार गोड बोलल्या. "धडक बसली तेव्हा तुम्ही नेमकं काय करत होता?"

मी म्हटलं, "मॅडम, मी वळून राहिलो होतो."

आज कंपनीचं पत्र आलं. 'आपल्याच जबाबानुसार, वळल्यानंतर आपण गाडी रस्त्यातच उभी ठेवली होती. सबब चूक आपली आहे.'

तीनदा वाचलं, तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. आपल्या सौंसरच्या मराठीत वळून राहिलो म्हणजे वळत होतो. त्यांनी ऐकलं, वळलो आणि तिथंच राहिलो.

फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "सर, रेकॉर्डिंगमध्ये तुमचेच शब्द आहेत."

आहेतच. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. भांडायला पाहिजे होतं, पण राग बी नाही आला.

तुमच्यापैकी कोणावर आपलंच बोलणं असं उलटलं आहे का?

आता आतून बायकोनं आवाज दिला, "काय करून राहिले जी बाहेर?"

"बसून राहिलो," म्हटलं.

हे मात्र दोन्ही मराठीत खरं आहे.