चाचणीच्या कार्डावरचं पान

चष्म्याच्या दुकानात सगळे तिला चष्मेताई म्हणत. गिऱ्हाइकाला उंच खुर्चीत बसवायचं, नाकावर चाचणीची जड फ्रेम चढवायची आणि एकेक भिंग बदलत विचारायचं, "हे बरं की आधीचं?" माणसं बावरून जात. "दोन्ही सारखीच वाटतात हो," म्हणत. ती समजुतीनं पुन्हा दाखवी. घरी मात्र तिचीच गत त्या खुर्चीतल्या माणसासारखी झाली होती.

तिनं पदरमोड करून स्वतःची कादंबरी छापली होती. घर सोडून गेलेल्या एका बहिणीची गोष्ट. नातेवाइकांनी कौतुकानं प्रती नेल्या आणि काचेच्या कपाटात उभ्या करून ठेवल्या. उरलेले गठ्ठे पलंगाखाली. तिला फार काही नको होतं. एखाद्या अनोळखी माणसानं ते पुस्तक शेवटपर्यंत वाचावं, बस्स. पण त्यासाठी पुस्तक लोकांपर्यंत न्यायला हवं, आणि त्याला वेळ आणायचा कुठून?

"आई, रोज एक व्हिडिओ टाक," लेक म्हणाली. "सातत्य पाहिजे."

"कधी टाकू? तुझा डबा भरताना?"

"भरताना टाक की! लोक तसलंच बघतात."

"व्हिडिओ कसले करतेस," नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "वाचनालयांना फोन कर."

तिनं दोन्ही करून पाहिलं. व्हिडिओत नळाचाच आवाज जास्त आला. वाचनालयातला माणूस म्हणाला, जेवणाच्या सुट्टीनंतर फोन करा. आणि त्याची सुट्टी संपायची तेव्हा हिच्यापुढे रांग लागलेली असायची. रविवारी स्वतःच जाऊन यावं म्हणून पिशवी भरली, तर लेक तापानं फणफणली. तापलेलं पोर घरी टाकून पुस्तक मिरवायला जायचं? गेली नाही. घरात बसून चिडचिड केली, आणि चिडचिड झाली म्हणून पोरीच्या कपाळावरच्या पट्ट्या जरा जास्तच वेळा बदलल्या. एक ना धड भाराभर चिंध्या.

मग एका निवांत दुपारी तिच्या डोक्यात कल्पना आली. जवळचं कितपत दिसतं हे पाहायला दुकानात एक कार्ड असे. त्यावर बागेचं रटाळ वर्णन, वरून खाली अक्षरं बारीक होत गेलेली. तिनं तशाच अक्षरांत आपल्या कादंबरीचं पहिलं पान छापून आणलं. वेगळा वेळ काढायलाच नको! काम चाललंय आणि पुस्तकही चाललंय.

चाललंही. "पुढं काय होतं हो?" लोक विचारू लागले. फ्रेमचा सैल स्क्रू आवळून घ्यायला आलेल्या एका निवृत्त मास्तरीणबाईंनी वाट बघताना ते कार्ड वाचलं आणि तिथल्या तिथं पुस्तक विकत घेतलं. चष्मेताई त्या दिवशी घरी जाताना आपला रस्ता चुकली.

काही दिवसांनी त्याच बाई नंबर तपासायला आल्या. पहिल्याच भिंगातून त्यांनी अगदी खालची ओळसुद्धा घडाघडा म्हटली. चष्मेताईनं दुसरं भिंग लावलंच नाही.

नवा चष्मा घेऊन गेलेल्या बाई आठवडाभरात परत आल्या, तणतणत. "डोकं ठणकतंय नुसतं. या औषधाच्या बाटलीवरचं अक्षर लागत नाही. आज दुप्पट औषध पोटात जायचं, शेजारणीनं हात धरला म्हणून वाचले."

चष्मेताईनं कार्ड पुढं केलं. "अहो, पण तुम्ही तर सगळं वाचलंत!"

"वाचलं कुठं? म्हटलं. तीनदा वाचलंय तुमचं पुस्तक, पहिलं पान पाठच आहे मला."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंत? जन्मभर मुलांकडून पाठांतर करून घेतलंय मी. येतं ते म्हणायचं नाही होय?"

मालक गल्ल्यावरून उठून आले. त्यांनी कार्ड उचललं, वाचलं. "ही कुठली बाग?"

"माझ्या पुस्तकातलं पान आहे," ती म्हणाली. "चूक झाली."

"लोक आपल्याकडे डोळे सोपवतात, ताई." त्यांनी कार्ड स्वतःच्या खिशात घातलं. "काचा पुन्हा बनवा. पुन्हा असं दिसलं, तर दुसरीकडे काम बघावं लागेल."

तिला हसावं की रडावं कळेना. कुणा परक्या माणसाला तिचं पान पाठ होतं, आणि त्यापायीच त्या माणसाच्या पोटात दुप्पट औषध जाणार होतं. तिनं बाईंच्या हातात त्यांचीच औषधाची बाटली दिली आणि भिंगामागून भिंग लावत गेली. या वेळी बाई अडखळल्या, चुकल्या आणि शेवटी एकदाच्या नीट वाचू लागल्या.

फ्रेम उतरवताना बाई हळूच म्हणाल्या, "ती बहीण शेवटी परत का येत नाही हो? मी तीनदा वाट बघितली."

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती केव्हाची झुरत होती.

"मला नक्की नाही सांगता यायचं."

"कमाल आहे! लिहिलंत तुम्ही ना?"

जेवणाची सुट्टी झाली. वाचनालयाला फोन करायचा होता, लेकीनं आज एक तरी पोस्ट टाक म्हणून बजावलं होतं. दोघी दुकानाबाहेरच्या बाकावर बसल्या. ही सुट्टी पुस्तकाच्या कामी लागतेय की वाया जातेय, तिला सांगता आलं नसतं.

"तुम्हाला काय वाटतं," तिनं बाईंना विचारलं, "का आली नसेल ती?"