पाळकसाहेबांची शिवी

कुणी कुणाला ‘अडाणी’ म्हटलं की आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचं डोकं फिरायचं. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवायचे, हिसका देऊन सोडवायचे आणि ओरडायचे, "असुनेतोस! अडाणी म्हंजे शाळा न शिकलेला न्हाई. ज्याला दोन गोष्टी जोडता येत न्हाईत, त्यो अडाणी!"

शब्द बायबलातला, ग्रीक. धर्मशिक्षण घेताना ते ही भाषा शिकले होते आणि आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात ती खर्चायला जागा नव्हती. मी शेजारी, त्यामुळे बरीचशी माझ्यावरच खर्च झाली. चहात साखर ढवळायची राहिली तरी मी असुनेतोस.

"येशूनं ह्यो शब्द परक्याला न्हाई वापरला," ते सांगायचे. "आपल्याच शिष्यांना इचारलं, तुमी बी अजून असेच का?" हे सांगताना मात्र त्यांचा आवाज मऊ व्हायचा. तापट माणूस, पण गावात कोण आजारी आहे हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं.

मग दुष्काळ पडला. तळ्याचं पाणी फक्त पिण्यासाठी, असं जाहीर झालं. पाणी सोसायटीच्या तळ्यावरच्या मोटारी मात्र चेअरमनच्या उसासाठी राजरोस चालू होत्या. विहिरींनी तळ गाठला. सोसायटीच्या सभेत चेअरमन म्हणाले, "बाया अडाणी हायेत. सांडतेत लई, म्हणून पानी पुरत न्हाई."

माणसं हसली. ज्यांच्या बायका कोसभरावरून डोक्यावर हंडे आणत होत्या, तीही हसली. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

पाळकसाहेब उठले. "ऊस हिरवा अन् हिरी कोरड्या! जोडा की दोन गोष्टी! असुनेतोस झालात का समदे?"

चेअरमन पक्का बेरकी. पान चघळत म्हणाले, "ऐकलं का? पाळकानं गावाला शिवी दिली. अडाणी म्हनला तुमाला, ती बी इंग्रजीत."

झालं! पाणी चोरलं त्याचा राग ज्यांना आला नाही, त्यांना शब्दाचा आला. चेअरमननं मराठीत अडाणी म्हटलेलं चाललं होतं. चेअरमनच्याच सांगण्यावरून चर्चच्या वरिष्ठांपर्यंत तक्रार गेली आणि पाळकसाहेबांची बदली झाली. तक्रार मागे घ्या म्हणून मी चार घरी जाऊन भांडलो. "तुमचा काय संबंध?" एवढंच ऐकून परत आलो.

निघायच्या दिवशी टेम्पोत सामान चढत होतं. मेंढरं राखणाऱ्या घरातली कोंडाबाई घागर घेऊन तिथं थांबली.

"साहेब, खरंच शिवी दिलती का वो आमाला?"

"न्हाई मावशे. सवाल होता."

"मंग मराठीत कावून न्हाई इचारला?"

पाळकसाहेबांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली, हिसका द्यायचा मात्र राहून गेला. कोंडाबाई घागर सावरत तळ्याकडे चालू लागली. तळ्यात तेव्हा चिखलच उरला होता.