जिलबी आणि टोमणा

मुलुंडच्या बागेत एक बाई रोज चालायची. पदर कमरेला खोचलेला, साडीखाली बूट, चेहरा भांडायला निघाल्यासारखा. नाव मी कधी विचारलं नाही. बाकावरच्या मंडळींत सतत कुणाचा तरी वाढदिवस, म्हणजे जिलबी. "घ्या हो, एकीने काय होतंय?" आणि ती पुढे गेली की, "एवढी चालते, वजन काही हलत नाही!" ऐकून माझंच डोकं फिरायचं. माझाही काटा कित्येक महिने तिथेच अडकलाय.

परवा ती गर्रकन मागे फिरली. "नाही हलत, मग? आधी इथवर आले की धाप लागायची, याच बाकावर बसायचे. आता तुम्ही बसा!"

बाकावर मीही होते. हातातली जिलबी खोक्यात आपटली आणि उठले.