फक्त त्याचाच फोटो हलायचा

मी फोटोग्राफरची मुलगी. नागभीडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाबांचा स्टुडिओ होता आणि माझं लहानपण त्याच दुकानात गेलं. कुणी घाबरत घाबरत "भुताचा फोटो" घेऊन आलं, तर बाबा चष्मा वर करून बघायचे आणि शांतपणे सांगायचे, "एका फिल्मवर दोनदा काढला भाऊ. भूतबीत काई नाई." त्यामुळे असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायची मला सवयच लागली नाही. आजही नाही. तरी हे लिहितेय, कारण माझ्या बाबतीत जे झालं ते कुठे ठेवावं हे मला अजून कळलेलं नाही...

मोबाईलमध्ये चांगले कॅमेरे यायच्या आधीची गोष्ट आहे. माझं लग्न नागभीडमध्येच झालं. नवरा विलास राइस मिलच्या मशीन दुरुस्त करायचा. धानाचा हंगाम आला की कुरखेड्याकडच्या मिलवर आठ-आठ, दहा-दहा दिवस मुक्काम. स्वभावाने शांत. घरी आला की माझ्यासाठी काही ना काही आणणारा. आम्हाला मूल नव्हतं, पण त्यावरून त्याने मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. सगळे म्हणायचे, नशीबवान आहेस.

लग्नानंतर बाबांनी मला एक छोटा डिजिटल कॅमेरा दिला. चांदीच्या रंगाचा, मुठीत मावेल एवढा. त्यावर मी गावोगावी जाऊन फॉर्मचे पासपोर्ट फोटो काढायची, बारशा-वाढदिवसाच्या ऑर्डरी घ्यायची. त्याच्या आत कुठेतरी धूळ अडकली होती, म्हणून प्रत्येक फोटोत उजवीकडे वर एक करडा ठिपका यायचा. तो मी प्रिंट काढताना कॉम्प्युटरवर पुसून टाकायची.

या छोट्या कॅमेऱ्यांचा मोठा दोष म्हणजे फोटो लवकर हलतो. वजनच नसतं, जरा बटण दाबलं की सगळा कॅमेरा डुलतो. पण मला बाबांनी शिकवलेलं होतं. कोपर बरगडीला टेकवायचे. पट्टा मनगटात ताणून धरायचा. बटण आधी अर्धं दाबायचं, हिरवी चौकट आली की श्वास सोडत पूर्ण दाबायचं. झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जायचं. माझे शंभरातले दोन फोटोसुद्धा वाया जात नसत.

फक्त विलासचा फोटो हलायचा.

पहिल्यांदा वाटलं, तोच हलला असेल. दुसऱ्यांदा त्याला दम दिला. मग भर दुपारी अंगणात उभं केलं, भिंतीला टेकवून. मागच्या भिंतीचा पोपडा न् पोपडा दिसतोय, त्याच्या शर्टाच्या बाजूला वाळत घातलेल्या लुगड्याचे काठ दिसताहेत... आणि मधोमध त्याचा चेहरा, ओल्या बोटाने पुसल्यासारखा. ग्रुप फोटोत तेच. डावीकडची नणंद स्वच्छ, उजवीकडची सासू स्वच्छ, मधला हा पुसलेला. तो हसायचा. म्हणायचा, "मले पाहून तुया कॅमेरा लाजते."

मीही हसायची. पण मनात खुपायचं. दुसऱ्या बायकांकडे नवऱ्याचे फोटो असतात, मी तर फोटोग्राफरची मुलगी, आणि माझ्याकडे एक धड नाही.

शेवटी एका रविवारी त्याला घेऊन बाबांच्या स्टुडिओत गेले. बाबांनी त्याला स्टुलावर बसवलं, दोन्ही लाइट लावले, कॅमेरा तिपाईवर बसवला. दोन सेकंदांचा टायमर. म्हणजे मी फक्त बटण दाबायचं आणि बाजूला व्हायचं, फोटो निघताना कॅमेऱ्याला कुणाचाच हात नाही. मी दाबलं. स्टुलाच्या लाकडाची रेघ न् रेघ आली. विलास हललेला.

मग बाबांनी दाबलं. तोच कॅमेरा, तीच तिपाई, तोच टायमर. विलास लख्ख. मिशीतला एकेक केस मोजता येईल असा.

परत मी. हललेला. परत बाबा. लख्ख. सात-आठ वेळा केलं असेल. विलास वैतागून चहा प्यायला निघून गेला. बाबा तिपाईजवळ उभे होते, माझ्याकडे न बघता.

"बाबा, हे काऊन होऊन राह्यलं?"

"तुया हात हलते, बाई," ते म्हणाले.

"पण माया हातच नाई नं त्याले. टायमर आहे."

"तू बटन जोरात दाबते. तिपाई हलते. हात हलते तुया."

ज्यांनी मला कॅमेरा धरायला शिकवलं त्यांनीच असं म्हटल्यावर माझं काय राहिलं? त्या दिवसापासून मला खरंच भीती बसली. लग्नाच्या दोन ऑर्डरी सोडल्या. पुढे पुढे तर फक्त पासपोर्ट फोटो, तेही एकेकाचे चार-चार काढून ठेवायची... न जाणो, हलला तर. ते कधीच हलले नाहीत, पण माझा स्वतःवर भरवसा उरला नव्हता. अशी दोन वर्षं गेली.

मग कुरखेड्याजवळच्या एका गावात शाळेच्या फॉर्मचे फोटो काढायचं काम मिळालं. वर्गाच्या भिंतीवर निळा पडदा बांधला, समोर पालकांची रांग. दुपारच्या सुमारास एक बाई आली, माझ्याच वयाची, सोबत चारेक वर्षांची मुलगी. शोभा नाव. दोघींचे फोटो झाले. मग तिने पिशवीतून एक प्रिंट काढली.

"ताई, फॉर्मले बापाचा बी फोटो पायजे म्हनते. हे टूरवर राह्यते. याच्यातून लहान फोटो निघन का?"

मी प्रिंट हातात घेतली. मोहाच्या झाडाखाली विलास बसला होता, मांडीवर ती मुलगी. चौकडीचा शर्ट, मीच इस्त्री करून बॅगेत ठेवलेला. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यासुद्धा दिसत होत्या. इतका स्पष्ट तो मला माझ्या हाताने काढलेल्या एकाही फोटोत दिसला नव्हता. आणि उजवीकडे वर, आभाळात, तो करडा ठिपका.

मिलच्या मशीनचे फोटो मालकाला दाखवायचे म्हणून तो माझाच कॅमेरा घेऊन जायचा.

"कोनं काढला हा?" मी विचारलं.

ती जरा लाजली. "मीच काढला. मले तं कॅमेरा धराचं बी समजत नाई. असाच दाबला."

मी तिला काही सांगितलं नाही. तिचा काय दोष... तिला माझं नावही माहीत नव्हतं. सोबत नेलेल्या स्कॅनर-प्रिंटरवर त्या प्रिंटवरून मी पासपोर्ट फोटो करून दिले, कापून, पाकिटात घालून. रांगेतले उरलेले फोटो काढले. नागभीडच्या एसटीत बसल्यावर मात्र पदर तोंडावर घेतला.

विलासने नाकारलं नाही. फक्त म्हणाला, "तुले कोनं सांगतलं?" मी म्हणाले, कुणी नाही. त्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही. मी बॅग भरली आणि बाबांकडे आले.

बाबांनी काही विचारलं नाही. आई गेल्यापासून ते एकटेच होते, म्हणाले, "बरं झालं आली." आठ-पंधरा दिवसांनी बँकेच्या कुठल्याशा कागदासाठी त्यांना फोटो हवा होता. म्हणाले, मी सेल्फ टायमर लावून काढतो. मी म्हटलं, मी असताना कशाला? ते नको नको करत होते, मी बळेच स्टुलावर बसवलं. कोपर टेकवले, अर्धं बटण, हिरवी चौकट, पूर्ण बटण.

स्क्रीनवर बघितलं. मागचा पडदा, त्याची शिवण, पडद्याच्या कडेचं कॅलेंडर, सगळं स्वच्छ. बाबांचा चेहरा पुसलेला.

परत काढला. तसाच.

मी कॅमेरा खाली ठेवला. मग विचारलं, "बाबा, तुमाले माहीत होतं?"

ते स्टुलावरून उठले नाहीत. "मार्कंड्याच्या जत्रेत पाह्यला त्याले," ते म्हणाले. "मी तिथी फोटोचं दुकान मांडलं होतं. हा दर्शनाच्या लायनीत, खांद्यावर पोरगी, बाजूले ते बाई. माया डोयात डोये घालून पाह्यलन अन् मान खाली घातलन."

"कवा?"

"तुमी दोघं स्टुडिओत आले होते नं, त्याच्या दोन मयने पयले."

म्हणजे तिपाईजवळ उभे होते तेव्हा त्यांना माहीत होतं.

"अन् मले म्हनलं, तुया हात हलते."

"मी घाबरलो होतो बाई. ते फोटो पाहून लय घाबरलो. तुले समजलं असतं तं तुयं घर मोडलं असतं."

"मोडलंच नं."

ते उठले आणि स्टुडिओचे लाइट बंद करायला लागले.

नंतर मी पुष्कळ विचार केला. आत्तेभाऊ इंजिनियर आहे, तो म्हणाला फोकसची गडबड, चेहरा ओळखणारं सेटिंग, असं होतं. पण मग बाबांनी बटण दाबल्यावर का नाही व्हायचं? कुणी म्हणालं, कॅमेरा तुला सावध करत होता. तेही मला पटत नाही. सावध करायचं तर शोभाच्या हातून एवढा सुंदर फोटो कशाला काढून दिला? आणि खोटं बोलणारी इतकी माणसं माझ्या समोर बसून गेली असतील, ती सगळी स्वच्छ आली. मी कॉम्प्युटरवर ते फोटो मोठे करून करून पाहिले. आजपर्यंत उत्तर सापडलेलं नाही, आणि आता शोधतही नाही.

विलासचं घर सुटलं, कोर्टाची कामं झाली, त्याच्यावरचा राग हळूहळू विझला. तो परका होता, निघून गेला. बाबा मात्र इथेच आहेत. आता त्यांना नीट दिसत नाही, मीच हात धरून अंगणात नेते, औषधं देते, ताट वाढते. जेवण झालं की ते रोज विचारतात, "तू जेवली का, बाई?"

मी हो म्हणते. पुष्कळदा जेवलेली नसते.