चहा येईपर्यंतचा पूल

कवळीकाकांचा पूल वर्षातून एकदाच उभा राहतो, तोही दोन तासांसाठी.

बाकीचं वर्षभर तो घरभर पसरलेला असतो. नदीच्या आठ पट्ट्या पलंगाखाली, टेकड्या कपाटावर, झाडं चपलांच्या खोक्यात. आणि सैनिक त्या चपट्या डब्यांत, ज्यांतून काकांकडे खोटे दात येतात. काकांचा धंदाच तो. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे येतात आणि काका मागच्या खोलीत बसून मेणात एकेक दात बसवून त्यांच्या कवळ्या करून देतात. दिवसा ज्या कुंचल्याने हिरडीला गुलाबी रंग द्यायचा, त्याच कुंचल्याने संध्याकाळी सैनिकाच्या गालाला द्यायचा. सैनिक करंगळीच्या पेराएवढा. असे सहाशे बारा. सगळ्यांच्या तोंडाला निरोगी हिरड्यांची कळा.

काकांची बायको प्रत्येक वाक्य 'मी काही म्हणत नाही' असं सुरू करते आणि मग जे म्हणायचं ते सगळं म्हणते. मी काही म्हणत नाही, पण मिठाच्या बरणीत घोडा सापडला. मी काही म्हणत नाही, पण पाहुण्यांनी विचारलं पलंगाखाली काय वाहतंय, तर मी काय सांगू. काका त्यावर 'हं' म्हणतात. या एका 'हं'वर त्यांचा एकतीस वर्षांचा संसार झाला आहे.

हे सगळं घरात मांडणं शक्य नाही. जेवणाचं टेबल चार फुटी. नदी, पूल आणि दोन फौजा मांडायच्या म्हटलं की बारा फूट लागतात. बारा फूट मिळतात ते फक्त संमेलनात.

संमेलन म्हणजे काय, तर जुन्या लढाया छोट्या सैनिकांनी टेबलावर पुन्हा खेळणाऱ्या मंडळींचा मेळा. क्रीडासंकुलाच्या हॉलमध्ये चाळीस टेबलं मांडतात. एकावर हत्ती, शेजारच्यावर रणगाडे, आणि मधल्या खुर्चीवर कोणाची तरी पाण्याची बाटली. जो आपली लढाई मांडतो त्याला यजमान म्हणतात. यजमानाने मैदान आणायचं, फौजा आणायच्या, नियम लिहून आणायचे, आलेल्या लोकांना समजावून सांगायचं आणि भांडणं सोडवायची. स्वतः खेळायचं नाही. याच्या बदल्यात छातीवर लावायला बिल्ला आणि चार वाजताच्या चहाचं एक कुपन.

काकांची लढाई माघारीची. हरलेली फौज लाकडी पुलावरून नदीपार झालीय. अलीकडे राहिलीय ती पिछाडीची तुकडी, एकशेवीस माणसं, आणि त्यांच्यावर चालून येणारं शत्रूचं घोडदळ. पुलाखाली सुरुंग लावलेला. शत्रूला नदीपार होऊ द्यायचं नाही. खऱ्या लढाईत काय झालं ते काकांना तारीखवार पाठ आहे आणि विचारलं की ते सांगतात. म्हणून कोणी विचारत नाही.

तेरा वर्षं ही पिछाडी भूगोलाच्या मास्तरांनी सांभाळली. मास्तर बोलताना हवेत नकाशा काढायचे आणि प्रत्येक चालीआधी 'शांतपणे, शांतपणे' म्हणायचे, वर्गात खडू पडल्यासारखं. पहिल्याच वर्षी कोणीतरी म्हणालं, मास्तर, सुरुंग उडवा की, मोकळे व्हा. मास्तरांनी फासे खाली ठेवले. "चहा येईपर्यंत पुलाला हात लावायचा नाही. माणसं परत आणायचीत." झालं, तोच कायदा. चार वाजेपर्यंत मास्तर एकेक माणूस मागे आणायचे, पोस्टमन आणि चष्म्याच्या दुकानवाले घोडी अंगावर घालायचे, शिंपी स्वतःची घोडी सांभाळत दोन्ही बाजूंना सल्ले द्यायचा, आणि चहा येता येता कोणीतरी पूल जिंकून मोकळं व्हायचं. सुरुंग उडवायची वेळ कधी आलीच नाही. हा कायदा लिहून ठेवावा असंही कोणाला वाटलं नाही. जेवताना घास तोंडात घाला असं कोणी लिहून ठेवतं का?

मग मंडळी कमी होत गेली. शिंपी सगळ्यात आधी गेला, भांडून. त्याचं घोडदळ तोफेपर्यंत पोचायला नखभर कमी पडलं होतं. बाकीचे म्हणाले, जाऊ द्या हो, नखभर तर आहे. काकांनी मोजपट्टी पुन्हा लावली आणि म्हणाले, कागदावर आहे ते आहे. शिंपी गळ्यातल्या टेपसकट उठला, आणि त्यानंतर नऊ वर्षांत दोघांत शब्द नाही. टेबलावरचं हिरवं कापड अजून त्यानेच शिवलेलं आहे. पोस्टमन निवृत्त होऊन मुलाकडे गेले. चष्मेवाल्यांची पाठ बसू देईना. आणि दोन वर्षांपूर्वी मास्तर गेले, शांतपणे.

गेल्या वर्षी काकांच्या नावनोंदणीच्या कागदावर दोनच नावं आली. डाव झाला नाही. काका चार वाजेपर्यंत मांडलेल्या फौजांजवळ बसून होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टेबल रिकामं नाही, असं सांगत होते.

यंदा सकाळीच सेक्रेटरी आला. हा माणूस कुठलीही वाईट बातमी 'म्हणजे बघा'मध्ये गुंडाळून देतो. म्हणजे बघा, नियम माझा नाही, समितीचा आहे. चार खेळाडू आणि किमान दोन तास, तरच डाव झाला असं धरतात. सलग दोन वर्षं झाला नाही, तर टेबल दुसऱ्याला. पत्ते खेळणारे, म्हणजे बघा, कधीपासून रांगेत आहेत. काकांनी मान हलवली आणि नदीची तिसरी पट्टी सरळ केली. ती सरळच होती.

दीडपर्यंत तीन नावं झाली. बँकेतला एक रोखपाल, जो प्रत्येक गोष्ट दोनदा मोजतो आणि दोनदा 'ठीक आहे' म्हणतो. आणि एक नवं लग्न झालेलं जोडपं, ज्यांना हॉलमध्ये फर्निचरचं प्रदर्शन आहे असं वाटलं होतं. नवरा म्हणत होता आलोच आहोत तर बसू, बायको म्हणत होती तूच म्हणालास बसू, आता मला काही बोलू नकोस.

दोनला पाच मिनिटं असताना चौथं नाव आलं. कायदा शिकणारी एक मुलगी, जाड भिंगांचा चष्मा, हातात पेन्सिल. तिने नाव लिहिलं, खुर्ची ओढली आणि काकांनी लिहिलेले चार पानी नियम वाचायला घेतले.

खरोखर वाचायला घेतले. ओळीखाली पेन्सिल धरून, पान उलटून मागे काही नाही ना ते बघून. चौदा वर्षांत ती चार पानं कोणी वाचली नव्हती. मास्तर त्यांच्यावर कप ठेवायचे. काकांना इतकं भरून आलं की त्यांनी तिला स्वतःची गादीवाली खुर्ची दिली आणि आपण लाकडी स्टुलावर बसले. बरोबर दोनला सेक्रेटरीने वहीत वेळ टिपली. जोडप्याने घोडदळ घेतलं, कारण बायकोला पांढरे घोडे आवडले. पिछाडी रोखपालाकडे, आणि पुलावरचे सुरुंगवाले मुलीकडे.

रोखपाल एकशेवीस माणसं दुसऱ्यांदा मोजत होता तेवढ्यात मुलीने पान तीनवर बोट ठेवलं.

"काका, इथे लिहिलंय की सुरुंगवाले पुलाजवळ असतील तर पूल उडवता येतो. कुठल्याही फेरीत?"

काकांनी पान बघितलं. अक्षर त्यांचंच होतं, स्वच्छ, दातासारखं ओळीत बसवलेलं.

"तसंच लिहिलंय," ते म्हणाले.

"म्हणजे पहिल्या फेरीतही."

"अलीकडची माणसं अडकतील."

"हो, ते बघितलं मी. पण जिंकायची अट फक्त पुलाची आहे. माणसांची अट कुठे दिसली नाही मला."

काकांनी चारही पानं चाळली. पेन्सिलीच्या खुणा बघितल्या. तिने काही सोडलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "माणसांचं लिहिलेलं नाही."

सेक्रेटरी वही घेऊन मागेच उभा होता. तो काकांच्या कानाशी वाकला. म्हणजे बघा, यजमानाला तोंडी खुलासा करता येतो. लिहिताना एक ओळ राहून गेली म्हणा. कोण विचारतंय? आणि खरंच कोणी विचारणार नव्हतं. मुलगी पेन्सिल उचलून वाट बघत होती, काका जे सांगतील ते लिहून घेणार होती. एक वाक्य, आणि टेबल चार वाजेपर्यंत काकांचं. पुढच्या वर्षीही काकांचं.

काकांनी टेबलाच्या कडेला हात टेकला. हाताखाली हिरव्या कापडाची शिवण आली. बारीक, दुहेरी टाक्याची, चौदा वर्षांत एक धागा न सुटलेली.

"कागदावर आहे ते आहे," काका म्हणाले.

सेक्रेटरीने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं घरातून निघताना चुलीवर दूध ठेवून आलेल्या माणसाकडे बघतात.

फाशावर चार किंवा जास्त पडले तर सुरुंग पेटतो. काकांनी उभ्या आयुष्यात कुठल्या फाशासाठी प्रार्थना केली नव्हती, यजमानाने करू नये. त्यांनी फक्त फाशाकडे बघायचं टाळलं आणि रोखपालाच्या चेहऱ्याकडे बघितलं. रोखपाल म्हणाला, पाच. मग परत वाकून बघून म्हणाला, पाच, ठीक आहे, ठीक आहे.

"म्हणजे आम्ही हरलो?" नवी बायको म्हणाली. "आमचे घोडे तर हललेपण नाहीत."

काकांनी खालच्या डब्यातून मोडका पूल काढला. लढाईचं सगळं सामान बनवताना त्यांनी सगळ्यात आधी तो बनवला होता. तुटलेल्या फळ्या, कोळशासारखी काळी टोकं, पाण्यात लोंबणारा एक दोर, तोही कवळीच्या तारेला मेण लावून वळलेला. तेरा वर्षं मास्तरांमुळे आणि एक वर्ष रिकाम्या खुर्च्यांमुळे तो डब्यातच राहिला होता. काकांनी अख्खा पूल उचलला आणि मोडका त्याच्या जागी ठेवला. तंतोतंत बसला. शेजारच्या टेबलावरचे दोघं-तिघं बघायला आले, म्हणाले, काय काम आहे राव, आणि परत आपल्या रणगाड्यांकडे गेले. जोडपंही त्यांच्याबरोबर गेलं.

दोन वाजून बावीस मिनिटं झाली होती. पुन्हा मांडू या का, असं रोखपालाने विचारलं आणि स्वतःच मोजून सांगितलं की दोन खेळाडू आता नाहीत, आणि असते तरी पहिल्या फेरीत हेच होणार. सेक्रेटरी पेन धरून उभा होता. काकांनीच सांगितलं, दोन ते दोन बावीस लिहा.

मुलगी निघताना थांबली. "मी चुकीचं काही केलं का?"

"नाही. बरोबर वाचलंत. जिंकलात."

"पुढच्या वर्षी मी घोडदळ घेईन. मला वाटतं त्यालाही काहीतरी वाट असेल."

"असेल," काका म्हणाले. पुढच्या वर्षाचं त्यांनी तिला सांगितलं नाही.

मग बायकोचा फोन आला. काय झालं म्हणून विचारलं. काकांनी सांगितलं, पूल उडाला, बावीस मिनिटांत, टेबल गेलं. पलीकडून आलं, "मी काही म्हणत नाही." काका पुढचं ऐकायला थांबले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिने पुढे काही म्हटलं नाही, आणि मग काकांनाही 'हं' म्हणता येईना.

ते सामान आवरायला लागले नाहीत. स्टुलावरच बसून राहिले. नदीपलीकडे फौज सुखरूप उभी होती. अलीकडे मास्तरांची एकशेवीस माणसं मोडक्या पुलाकडे पाठ करून, समोरच्या घोड्यांकडे बंदुका रोखून. काकांनीच त्यांना तसं रंगवलं होतं, एकाचीही मान मागे वळलेली नाही.

चार वाजता चहा आला. काकांनी कुपन दिलं, कप घेतला, आणि चार खेळाडूंसाठी आणलेल्या नियमांच्या चारही प्रती समोर ओढल्या. खिशात मेणावर खुणा करायची बारीक पेन्सिल असते. तिने त्यांनी पहिल्या प्रतीत पान तीनवर, सुरुंगाच्या ओळीखाली लिहिलं: चहा येईपर्यंत पुलाला हात लावायचा नाही. त्याखाली: माणसं परत आणायचीत. अक्षर ओळीत आहे का ते पाहिलं. मग दुसरी प्रत घेतली.

तिसऱ्या प्रतीवर होते तेव्हा सेक्रेटरी टेबलाचा नंबर काढायला आला. काका म्हणाले, एकच राहिलीय. म्हणजे बघा, सेक्रेटरी म्हणाला, आणि पुढे काय बघायचं ते न सांगता, नंबराची पाटी काखेत धरून उभा राहिला.